हे तू कसे लिहिलेस?

शास्त्रवाचन : यिर्मया २३:२३-३२, २६:१६-१९, ३६:१-१९



वाङ्मयचौर्य हा शब्द कानी पडला की एखादा नामांकित लेखक, गाजलेला ग्रंथ किंवा न्यायालयातील खटला आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. नववी-दहावीतील मुलाची प्रकल्पवही काही उभी राहत नाही. परंतु या पापाची पहिली पायरी बहुधा त्या वहीतच असते. उद्या वही द्यावयाची असते, रात्र झालेली असते, आणि गाइडातील किंवा संगणकाच्या पडद्यावरील दोन-तीन परिच्छेद जसेच्या तसे वहीत उतरतात. वर सुवाच्य अक्षरांत मुलाचे नाव पडते. शिक्षक लाल शाईने बरोबरची खूण करतात. काही वावगे घडले असे घरात कोणालाही वाटत नाही. कोणी विचारलेच तर 'सगळेच करतात' एवढे उत्तर पुरेसे होते.

हे उत्तर प्रभूच्या लोकांना पुरेसे वाटावे काय, याचा विचार आपण वचनाच्या प्रकाशात करू या.

हा प्रश्न केवळ आपल्या देशाचा नाही. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात पायपर येथील हायस्कुलात २००१ साली घडलेली एक घटना पुढे वर्तमानपत्रांतून फार गाजली. जीवशास्त्राच्या एका शिक्षिकेने दहावीच्या विद्यार्थ्यांना झाडांची पाने गोळा करून त्यांविषयी लिहिण्याचा प्रकल्प दिला. सत्राच्या गुणांपैकी निम्मे गुण त्याला होते. दुसऱ्याचे लिखाण आपले म्हणून दिल्यास गुण मिळणार नाहीत, हा नियम वर्षारंभीच लेखी देऊन त्यावर विद्यार्थ्यांच्या व पालकांच्या सह्या घेतलेल्या होत्या. प्रकल्प हाती आले तेव्हा ११८ पैकी २८ विद्यार्थ्यांनी मजकूर उचलल्याचे आढळले. शिक्षिकेने ठरल्याप्रमाणे शून्य दिले. काही पालकांनी तक्रार केली, आणि डिसेंबर २००१ मध्ये शालेय मंडळाने शून्याऐवजी अंशतः गुण द्यावेत व प्रकल्पाचा भार निम्म्यावरून ३० टक्क्यांवर आणावा असा आदेश दिला. शिक्षिकेने राजीनामा दिला.

या घटनेत अठ्ठावीस मुलांनी शब्द उचलले, हे खरे. परंतु त्याहून मोठा धडा मुलांना मोठ्यांनी दिला : केलेली सही मोडता येते, आणि गाऱ्हाणे पुरेसे मोठ्याने केले तर शून्याचेही गुण होतात. मुलांच्या पापाविषयी बोलताना आपण मोठी माणसे या प्रश्नाच्या बाहेर उभी आहोत असे कृपा करून समजू नका.

चोरलेली वचने

यिर्मया संदेष्ट्याच्या काळी यहूदाचे राज्य शेवटच्या घटका मोजत होते. यरुशलेमेत संदेष्ट्यांची वाण नव्हती. तेविसाव्या अध्यायात परमेश्वर त्यांच्यावर एकामागून एक आरोप ठेवतो : कोणी मनातील कल्पनांना दर्शन म्हणतात, कोणी खोटी स्वप्ने सांगून लोकांस बहकवतात. या आरोपांच्या मध्यभागी, तिसाव्या वचनात, एक आरोप असा आहे की तो वाचताना आपण थबकावे. हे संदेष्टे एकमेकांपासून परमेश्वराची वचने चोरतात, म्हणून तो त्यांच्या विरुद्ध आहे.

येथे नीट लक्ष द्या. त्यांनी चोरले ते असत्य नव्हते. परमेश्वर त्या वचनांना आपली वचने म्हणतो. म्हणजे शब्द खरे होते, उपदेशही कदाचित निर्दोष होता. मग अपराध कोठे होता? त्याच अध्यायाच्या अठराव्या व बाविसाव्या वचनांत उत्तर आहे. हे लोक परमेश्वराच्या सभेत कधी उभे राहिले नव्हते, त्यांनी तेथे काही ऐकले नव्हते. ज्याने ऐकले त्याच्या तोंडचे शब्द त्यांनी उचलले, आणि आपणच ऐकून आलो असा आव आणला. खरे शब्द होते, परंतु ज्या मुखातून आले त्याचा त्यांच्याशी संबंध नव्हता.

'पण मी लिहिले ते बरोबरच आहे ना?' असे विद्यार्थी विचारतो, तेव्हा त्याला हाच अध्याय उघडून दाखवावा. उत्तर बरोबर आहे की चूक, एवढाच प्रश्न नसतो. ते तुझ्यापर्यंत कोणत्या वाटेने आले, हाही प्रश्न असतो.

मूळ इब्री भाषेत 'चोरणे' या अर्थी येथे जो धातू आहे, तोच दहा आज्ञांतील चोरीस मनाई करणाऱ्या आज्ञेत आहे. भाषांतराच्या कामात असा एकच धातू वेगवेगळ्या ठिकाणी भेटला म्हणजे त्याच्या अर्थाची खोली कळू लागते. निर्गम २१:१६ मध्ये हाच धातू माणसाला पळवून नेण्याच्या अपराधाविषयी आला आहे. उत्पत्ती ३१:२० मध्ये याकोब लाबानाला न सांगता निघून जातो, तेथे इब्रीत त्याने लाबानाचे हृदय चोरले असा शब्दप्रयोग आहे. म्हणजे त्याला फसवले. वस्तू नेणे, माणूस पळवणे आणि विश्वास ठेवणाऱ्याला फसवणे, ही तिन्ही कृत्ये एकाच धातूने दर्शविली जातात.

लॅटिन भाषेतही एक विलक्षण साम्य आढळते. वाङ्मयचौर्यासाठी इंग्रजीत जो 'प्लेजिअरिझम' हा शब्द रूढ आहे, त्याच्या मुळाशी 'प्लागिआरियस' हा लॅटिन शब्द आहे, आणि त्याचा अर्थ माणसे पळवणारा असा होता. पहिल्या शतकातील मार्शल या रोमन कवीने आपल्या कविता स्वतःच्या म्हणून मिरवणाऱ्याला तो शब्द लावला. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पहिल्या अध्यायात पौल पापांची यादी देतो; तिच्यात माणसे पळवणाऱ्यांचा उल्लेख आहे, आणि व्हल्गात या लॅटिन भाषांतरात तेथे हाच शब्द आला आहे.

आता प्रकल्पवहीकडे पुन्हा पाहा. ज्याने ते परिच्छेद श्रमाने लिहिले त्याची वस्तू गेली, ही पहिली चोरी. ज्या शिक्षकाने विश्वासाने वही वाचली त्याचे हृदय चोरले गेले, ही दुसरी. आणि तिसरी चोरी सर्वांत दुःखद, कारण तीत पळवले गेलेले माणूस म्हणजे तो विद्यार्थीच. त्या पानावर त्याने असावयाचे होते : त्याचा प्रश्न, त्याचे अडखळणे, त्याने पाहिलेले झाड. तो तेथे नाही. त्याच्या जागी दुसराच कोणी बोलत आहे.

नाव घेऊन उच्चारलेले वचन

मग दुसऱ्याचे शब्द कधी वापरूच नयेत काय? त्याच यिर्मयाच्या पुस्तकात याचे उत्तर आहे, आणि ते फार सुंदर आहे.

यहोयाकीम राजाच्या कारकिर्दीच्या आरंभी यिर्मयाने मंदिराच्या अंगणात उभे राहून मंदिराच्या नाशाचा इशारा दिला. याजक व संदेष्टे खवळले आणि त्याला देहान्त शिक्षा व्हावी असे म्हणू लागले. त्या वेळी देशातील काही वडीलजन उठले. त्यांनी लोकांस आठवण दिली की हिज्कीया राजाच्या दिवसांत मोरेशेथ येथील मीखाने हेच भाकीत केले होते. मीखाचे शब्द त्यांनी त्याच्या नावानिशी सर्वांसमोर उच्चारले आणि विचारले की, हिज्कीयाने त्याला मारले काय? यिर्मयाचा जीव वाचला. मीखाला होऊन तेव्हा सुमारे शंभर वर्षे लोटली होती.

त्या वडीलजनांनी मीखाचे नाव न घेता तेच शब्द स्वतःचे मत म्हणून मांडले असते, तर त्या क्षुब्ध जमावापुढे त्यांना काय वजन राहिले असते? नाव घेतले म्हणून वचनाला बळ आले. एकाच पुस्तकात चोरलेल्या वचनांवर परमेश्वराचा कोप आहे, आणि नाव घेऊन सांगितलेल्या वचनाने एका निरपराध माणसाचे प्राण वाचवले आहेत. उसना शब्द हे पाप नव्हे. उसना घेतला हे लपवणे, हे पाप.

पवित्र शास्त्राची पाने या प्रामाणिकपणाने भरलेली आहेत. यहोशवाच्या दहाव्या अध्यायात सूर्य थांबल्याचे वर्णन आहे, तेथे याशाराच्या पुस्तकाचा हवाला दिला आहे. नीतिसूत्रांच्या पंचविसाव्या अध्यायाच्या आरंभी, ही सूत्रे शलमोनाची असून हिज्कीयाच्या माणसांनी ती उतरवून घेतली, असे नमूद केले आहे. त्याच पुस्तकाच्या शेवटच्या दोन अध्यायांना आगूर व लमुएल यांची नावे आहेत. लूक आपल्या शुभवर्तमानाच्या प्रारंभी थियफिलाला सांगतो की, आपल्या आधी पुष्कळांनी हे काम हाती घेतले आणि ज्यांनी प्रत्यक्ष पाहिले त्यांच्याकडून ही हकीगत आपल्याला मिळाली. पौल अथेन्स येथे बोलताना, हे तुमच्याच काही कवींचे म्हणणे आहे असे स्पष्ट सांगतो. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात तर प्रभूची आज्ञा कोणती आणि आपला अभिप्राय कोणता, हे तो वेगवेगळे करून दाखवतो. प्रेषिताला जी काळजी घ्यावीशी वाटली, ती घेण्यात आपल्या मुलांना कमीपणा का वाटावा?

येथे एखादा जाणता वाचक शंका काढील : यशयाच्या दुसऱ्या व मीखाच्या चौथ्या अध्यायात एकच भाकीत जवळजवळ त्याच शब्दांत आहे, आणि पहिल्या तीन शुभवर्तमानांतील कित्येक उतारे एकमेकांशी जुळतात, तेथे कोणी नाव घेतले आहे? शंका रास्त आहे. त्या काळी असे लिखाण साऱ्या मंडळीचा ठेवा असे. तो जतन करणे व पुढे देणे हे लेखकाचे काम होते, आणि हे मी एकट्याने रचले असा दावा त्यात कोणी करीत नव्हता. कोणाची फसवणूक होत नव्हती. शाळेतील वहीची गोष्ट वेगळी आहे. 'हे माझे आहे' असे सांगण्यासाठीच तीवर नाव घातलेले असते, आणि त्या सांगण्यावर गुण मिळतात.

शाईने लिहिणारा बारुख

छत्तिसाव्या अध्यायात यिर्मया वचने सांगतो आणि बारुख ती पटावर लिहितो. बारुख तो पट मंदिरात वाचून दाखवतो, व पुढे सरदारांपुढेही वाचतो. ऐकून ते घाबरतात आणि त्याला नेमका तोच प्रश्न विचारतात, जो प्रत्येक शिक्षकाने प्रत्येक विद्यार्थ्याला विचारावा : हे तू कसे लिहिलेस? बारुखाचे उत्तर लहान आणि स्वच्छ आहे. यिर्मया तोंडाने सांगत गेला आणि आपण शाईने लिहीत गेलो, असे तो सांगतो. तो यिर्मयाचे शब्द आपले म्हणत नाही, आणि आपली शाईही नाकारीत नाही. संकट इतके जवळ होते की सरदारांनी त्या दोघांनाही लपून राहावयास सांगितले. तरीही त्याने उत्तर फिरवले नाही.

आज या प्रश्नाला नवी धार आली आहे. पूर्वी मुलगा निदान हाताने उतरवून काढीत असे. उतरवताना चार शब्द तरी डोक्यातून जात. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी लोकांसाठी खुले झाले, आणि तेव्हापासून विषय सांगताच काही क्षणांत अख्खा निबंध लिहून देणारी साधने मुलांच्या हाती आली. तो निबंध पूर्वी कोठेही छापलेला नसतो. त्यामुळे आपण कोणाचेही चोरले नाही, असे मुलाला मनापासून वाटू शकते. परंतु बारुखाला विचारलेला प्रश्न तेथेही लागू पडतो. साधनाला काय विचारले, त्याने काय दिले, त्यातले काय पडताळून पाहिले आणि स्वतःच्या शाईने काय लिहिले, हे जो सांगू शकतो त्याला भिण्याचे कारण नाही. ज्याला हे सांगता येत नाही, त्याची वही त्याची नाही.

आपल्या मराठी ख्रिस्ती परंपरेतही बारुखाची वाट मळलेली आहे. १८३१ साली निघालेल्या मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या मुखपृष्ठावरच साहाय्यक म्हणून थॉमस व जॉर्ज कँडी या बंधूंची नावे आहेत. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी 'ख्रिस्तायन' आरंभिले. १९१९ साली ते प्रभूकडे गेले तेव्हा ते अपुरे होते. लक्ष्मीबाईंनी ते पुरे केले. पतीने कोठवर लिहिले आणि पत्नीने कोठून पुढे नेले, हे झाकून ठेवण्याचे कोणाला कारण पडले नाही. दोघांचाही मान त्याने वाढलाच.

एसावाची वस्त्रे

मुले उचलून का लिहितात? आळस हे कारण क्वचितच पुरे पडते. बहुतेक वेळा तेथे भय असते. माझी भाषा चांगली नाही, माझे विचार लहान आहेत, मी लिहिलेले वाचून लोक हसतील, कमी गुण मिळतील, असे ते भय. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्या कुटुंबांत हे भय दुप्पट असते. इंदूर, बडोदे, हैदराबाद वा बेंगळूर येथे वाढणारे मूल शाळेत हिंदी, गुजराती, कन्नड किंवा इंग्रजीत शिकते, आणि मंडळीच्या निबंधस्पर्धेत त्याला मराठीत लिहावे लागते. मग आई शेजारी बसते, आणि हळूहळू लेखणी आईच्या हातात जाते. निबंध सुरेख होतो. बक्षीस मिळते. ते कोणाला मिळाले, हे त्या घरात सर्वांना ठाऊक असते.

उत्पत्तीच्या सत्ताविसाव्या अध्यायातील रिबकेची आठवण येथे झाल्यावाचून राहत नाही. तिचे याकोबावर प्रेम होते. त्या प्रेमानेच तिने त्याला एसावाची वस्त्रे घातली, हातांवर व मानेवर करडांची कातडी चढवली, आणि शाप आलाच तर तो आपल्यावर येवो असे म्हणून त्याला आंधळ्या बापापुढे पाठवले. इसहाकाने चाचपून पाहिले. आवाज याकोबाचा आणि हात एसावाचे, हे त्याच्या ध्यानात आले, तरी तो फसला. कितीतरी शिक्षक वही तपासताना याच अवस्थेत असतात! वर्गात ऐकलेला आवाज एकाचा आणि वहीतला हात दुसऱ्याचा. तोंडी विचारावे तर वेळ नाही, सोडून द्यावे तर मन खाते.

याकोबाला आशीर्वाद मिळाला, पण त्यासोबत घरही सुटले. लाबानाकडे त्याने वीस वर्षे काढली, आणि ज्याने फसवले तो तेथे स्वतःही फसवला गेला. परंतु देवाने त्याला टाकले नाही. बत्तिसाव्या अध्यायात, यब्बोकच्या उताराजवळ, रात्रभर झोंबी झाल्यावर याकोब पुन्हा आशीर्वाद मागतो. तेव्हा त्याला एकच गोष्ट विचारली जाते : तुझे नाव काय? बापाने तू कोण असे विचारले होते, तेव्हा त्याने भावाचे नाव सांगितले होते. या वेळी तो स्वतःचे नाव सांगतो. ते नाव भूषणावह नव्हते. टाच धरणारा, फसवणारा, असा त्याचा अर्थ होता. पण ते त्याचे होते. ते उच्चारल्यावर त्याला नवे नाव मिळाले आणि खरा आशीर्वाद मिळाला.

प्रिय पालकहो, आपल्या लेकरासाठी आपल्याला आशीर्वादच हवा असतो. तो एसावाच्या वस्त्रांतून मिळवून देण्याचा मोह रिबकेला झाला, तसाच आपल्यालाही होतो. परंतु देव लेकराला आशीर्वाद देऊ इच्छितो तो त्याच्या स्वतःच्या नावाने, मग त्याचे अक्षर वाकडे असो की भाषा अडखळती असो.

आणि आपण उपदेशकांनीही स्वतःला वगळू नये. दुसऱ्याचा छापील उपदेश, त्यातील अनुभवासकट, आपला म्हणून व्यासपीठावरून सांगितला जातो, तेव्हा पुढच्या बाकावर बसलेला पंधरा वर्षांचा मुलगा ते पुस्तक कधीतरी वाचणारच असतो. वचनाची सेवा करणाऱ्याने टीकाग्रंथ अवश्य वाचावेत, थोरांचे विचार अवश्य सांगावेत. फक्त ज्याचे त्याचे नाव घ्यावे. 'एका भाष्यकाराने म्हटले आहे' एवढे चार शब्द मंडळीतील मुलांना जे शिकवतील, ते प्रामाणिकपणावरील दहा व्याख्याने शिकवणार नाहीत.

मग आपण काय करावे?

इफिसकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायातील अठ्ठाविसाव्या वचनात पौलाने चोरी करणाऱ्याला सांगितलेला मार्ग तीन पायऱ्यांचा आहे. त्याने चोरी थांबवावी. त्याने आपल्या हातांनी चांगले काम करीत श्रम करावेत. आणि हे अशासाठी की, गरजवंताला देण्यास त्याच्याजवळ काही असावे. पहिल्या पायरीवर पुष्कळ शाळा थांबतात. शुभवर्तमान थांबत नाही. घेणाऱ्याचा ते देणारा करते.

पहिली पायरी : थांबवणे. येथे दया आणि ढिलाई यांत फरक करावा लागतो. पकडले गेलेले मूल वर्गासमोर उभे करून त्याचा अपमान करणे ही शिस्त नव्हे. पण पायपर येथे घडले तसे चूक झाकून गुण देणे हीही दया नव्हे. मुलाला एकांतात, शांत स्वरात, बारुखाचाच प्रश्न विचारा : हे तू कसे लिहिलेस? त्याला खरे सांगण्याची संधी द्या. त्याने सांगितले तर उचललेल्या मजकुराचे गुण देऊ नका, पण पुन्हा लिहिण्याची वाट मोकळी ठेवा. जक्कयाला येशूने झाडावरून उतरवले, त्याच्या घरी तो पाहुणा राहिला, आणि जक्कयाने आपण होऊन चौपट परत करीन असे म्हटले. प्रभू घरी आला म्हणून त्याने दिले. परंतु दिल्यावाचून तो राहिला नाही.

ही पायरी लहान वयातच चढणे बरे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली उच्च शिक्षणसंस्थांसाठी वाङ्मयचौर्याविषयी नियम केले. त्यांनुसार प्रबंधातील साठ टक्क्यांहून अधिक मजकूर उचललेला आढळल्यास विद्यार्थ्याची नोंदणीच रद्द होऊ शकते. चौदाव्या वर्षी जी सवय कौतुकाने पोसली, तिची अशी किंमत पंचविसाव्या वर्षी द्यावी लागू नये.

दुसरी पायरी : स्वतःच्या हातांचे श्रम. मुलांना उचलता येईल असाच विषय दिला तर ती उचलणारच. 'पर्यावरणाचे महत्त्व' या विषयावर हजारो निबंध तयार आहेत. परंतु आपल्या अंगणातील झाडाला या वर्षी बहर कधी आला, आपल्या मंडळीची इमारत कोणी व कशी बांधली, आजी कोणत्या गावाहून या शहरात आली, यांवर तयार निबंध कोठेही नाही. ते मुलाला पाहून, विचारून, ऐकूनच लिहावे लागेल. लहान मुलाने पाटीवर अक्षर गिरवावे, वाक्ये उतरवून काढावीत. ते शिक्षणच आहे, त्यात फसवणूक नाही. पण गिरवण्याच्या पाटीवरून त्याला कधीतरी कोऱ्या पाटीकडे न्यावे लागते. पालकांनी शेजारी जरूर बसावे. प्रश्न विचारावेत, शब्दकोश उघडून द्यावा, चूक दाखवावी. लेखणी मात्र मुलाच्याच हातात असावी. शब्बाथशाळेच्या स्पर्धांतही दहा ओळींचा अडखळता, पण खरा मजकूर सुबक उसन्या निबंधाहून वर ठेवावा, आणि तसे आधीच जाहीर करावे.

तिसरी पायरी : देणे. निबंधाच्या शेवटी 'मला साहाय्य करणारी पुस्तके व माणसे' असे दोन-चार ओळींचे टिपण लिहिण्याची सवय मुलांना लावावी. तीत पुस्तकाचे नाव असेल, आजोबांचे असेल, चर्चच्या जुन्या नोंदवह्या दाखवणाऱ्या वडिलांचे असेल, संगणकावरील साधनाचेही असेल. हे टिपण म्हणजे दंड नव्हे. ती उपकारस्तुती आहे. ज्याला ज्याचा मान द्यावयाचा त्याला तो द्यावा, असे पौल रोमकरांस लिहितो. त्याच पत्राच्या शेवटी, ते पत्र हाताने लिहून घेणारा तर्तिय स्वतःच्या नावाने मंडळीला सलाम सांगतो. पौलाने त्याला ती जागा दिली.

या सर्वांत पणाला काय लागले आहे, ते अखेरीस सांगितले पाहिजे. गुण आणि बक्षिसे ही लहान गोष्ट. आपल्या मुलांना एक दिवस मंडळीसमोर उभे राहून स्वतःच्या तोंडाने विश्वासाची कबुली द्यावयाची आहे. त्या दिवशी आईचा विश्वास उतरवून चालत नाही, पाळकांचे शब्द पाठ करून चालत नाही. मी कोण म्हणून तुम्ही म्हणता, असे प्रभूने शिष्यांना विचारले. त्याआधी लोक काय म्हणतात हेही त्याने विचारले होते, आणि शिष्यांनी लोकांची उत्तरे भराभर सांगितली होती. पेत्राला उत्तर द्यावे लागले ते दुसऱ्या प्रश्नाचे. ज्या मुलाने शाळेची सारी वर्षे दुसऱ्याचे शब्द आपल्या नावाखाली घातले, त्याला तेव्हा स्वतःचा आवाज कोठून सापडावा?

लक्ष्मीबाई टिळक यांचे रीतसर शिक्षण फारच थोडे होते. पंडिती मराठीचा उसना अंगरखा त्यांना सहज चढवता आला असता, कारण घरातच एक नामवंत कवी होता. त्यांनी तो चढवला नाही. ज्या भाषेत त्या बोलत त्याच भाषेत त्यांनी आपले आयुष्य सांगितले. 'स्मृतिचित्रे'चे भाग १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागले, आणि ख्रिस्ती व ख्रिस्तेतर, साऱ्या महाराष्ट्राने ते आपलेसे केले. देवाने त्यांना जो आवाज दिला होता, तोच त्यांनी वापरला.

या आठवड्यात आपल्या घरातील मुलाने वा मुलीने काही लिहिले, तर शेजारी बसा आणि प्रेमाने विचारा : हे तू कसे लिहिलेस? उत्तर ऐकण्यास वेळ काढा. आणि तोच प्रश्न मुलाने उलटून आपल्याला विचारला, तर त्यालाही बारुखासारखे स्वच्छ उत्तर देता येईल असे आपले जीवन असो.

प्रार्थना : हे प्रभू येशू, तू आम्हांला आमच्या नावाने हाक मारतोस. आमच्या लेकरांना उसन्या वस्त्रांच्या मोहापासून राख, आणि त्यांना ती घालणाऱ्या आमच्या हातांनाही आवर. ज्यांनी आम्हांला शिकवले त्यांची नावे कृतज्ञतेने घेण्यास आम्हांला नम्रता दे. तू आम्हांपैकी प्रत्येकाला दिलेला आवाज, तो लहान असला तरी, तुझ्या सत्याची साक्ष देण्यासाठी वापर. आमेन.